आगमनकाळाची आध्यात्मिक तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की हे प्रश्न दरवर्षी पुन्हा कानावर येतात. कुणी आगमनकाळ पहिल्यांदाच मनापासून पाळायचं ठरवलेलं असतं. कुणाचे चाळीस आगमनकाळ पाळून झालेले असतात, तरी आत कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं. दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. तुम्ही कॅथलिक असा वा प्रोटेस्टंट, यातलं बरंचसं तुम्हाला सारखंच लागू पडेल.

आगमनकाळ म्हणजे नेमकं काय?

नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्यामधले दिवस. लॅटिनमध्ये याला 'आद्वेन्तुस' म्हणतात, म्हणजे येणं. पाश्चात्त्य परंपरेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचं उपासनेचं वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर या काळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. वर्षाची सुरुवातच वाट पाहण्याने होते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. हातात अजून काही आलेलं नाही, साजरं करावं असं काही घडलेलं नाही. कुणीतरी येणार आहे, एवढ्या एका भरवशावर वर्ष उघडतं.

सुरुवातीची तारीख दरवर्षी का बदलते?

नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला असला तरी त्याचा वार बदलतो. त्याच्या आधीचे चार रविवार मोजत मागे गेलं की पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सापडतो. म्हणून हा काळ कधी पुरे २८ दिवस चालतो, तर कधी २२ दिवसांतच आटोपतो. २०२३ साली चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला होता. सकाळी आगमनाची शेवटची मेणबत्ती लावायची आणि त्याच रात्री ख्रिस्तजन्माची उपासना करायची, असा तो दिवस होता. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे.

सगळीकडे चारच आठवडे असतात असंही नाही. मिलानच्या आम्ब्रोसियन पद्धतीत सहा आठवडे पाळतात आणि बऱ्याच ऑर्थोडॉक्स मंडळ्या नाताळआधी ४० दिवसांचा उपवास धरतात.

मग हा लेंटसारखाच पश्चात्तापाचा काळ आहे का?

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ. आगमनकाळातही पश्चात्ताप आहे, पण सूर वेगळा आहे. इतिहासात डोकावलं तर सुरुवात बरीच कडक दिसते. ३८० साली स्पेनमधल्या सारागोसा इथल्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून प्रभुप्रकटीकरणाच्या सणापर्यंत (६ जानेवारी) कुणीही चर्च चुकवू नये असं सांगितलं. ५६७ साली फ्रान्समधल्या तूर इथल्या सभेने मठवासीयांना डिसेंबरात नाताळपर्यंत रोज उपवास करायला सांगितला. जांभळा रंग आजही दोन्ही काळांत असतो आणि कॅथलिक मिस्सेत रविवारचं 'ग्लोरिया' स्तोत्र या दिवसांत गात नाहीत.

पण 'आलेलुया' मात्र गातात. लेंटमध्ये तोही थांबवलेला असतो. मला या एका शब्दात दोन्ही काळांतला फरक कळतो. लेंटमध्ये आपण क्रुसाकडे चालत जातो. आगमनकाळात दाराशी बसून पावलांचा कानोसा घेतो, आणि येणारा आपलाच आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तिसऱ्या रविवारी तर जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो, कारण त्या दिवसाचं बोलावणंच प्रेषित पौलाच्या पत्रातलं आहे: "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा."

नुसती वाट पाहायची, तर त्यात तयारी कसली?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर आपल्या भाषेतच दडलेलं आहे. मराठीत आपण येणाऱ्याची 'वाट' पाहतो. आणि बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यातून ओरडून सांगतो तेही वाटेबद्दलच: परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा, त्याच्या वाटा नीट करा. जी वाट पाहायची तीच नीट करायची. ही दोन कामं वेगळी नाहीत. ज्याला येणाऱ्याची खरोखर आस आहे तो वाटेवरचा दगड बाजूला केल्याशिवाय राहत नाही. आणि दगड उचलता उचलता ज्याची नजर रस्त्याच्या वळणाकडे जात नाही, तो फक्त साफसफाई करतो आहे.

याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचं उदाहरण दिलं आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहतो. शेतकऱ्याची वाट पाहणं रिकामं कधीच नसतं. नांगरट, पेरणी, राखण हे सगळं त्याने केलेलं असतं. पाऊस मात्र त्याच्या हातात नसतो. आगमनकाळाची तयारी हुबेहूब अशी आहे. आपण जमीन मऊ करायची. कृपा पाडता येत नाही.

ही दुसरी बाजू आपण फार लवकर विसरतो. जर्मन पाळक दीत्रिख बोनहॉफर नाझी राजवटीत बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तुरुंगातल्या कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली. माणूस आत वाट पाहतो, आशा धरतो, काहीबाही करत राहतो, पण दाराला कुलूप असतं आणि ते बाहेरूनच उघडतं. आपण कितीही प्रार्थना केल्या, कितीही वाचन केलं, तरी येणारा तो आहे. आपण त्याला आणत नाही.

'तीन आगमनं' असं ऐकलं आहे. ती कोणती?

बाराव्या शतकातले क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी आगमनकाळाच्या प्रवचनांत हा विचार मांडला. पहिलं आगमन बेथलेहेमात, देहात आणि दुर्बलतेत. शेवटचं आगमन गौरवात, काळाच्या शेवटी. आणि या दोहोंच्या मधलं तिसरं, रोजचं, कुणाला न दिसणारं: प्रभू माणसाच्या अंतःकरणात येतो ते.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये बाळ येशूबद्दल ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते आणि वाचन येतं ते जगाच्या शेवटाचं, "जागे राहा" असं बजावणारं. दरवर्षी कुणीतरी गोंधळतं. कारण हेच आहे. हा काळ शेवटच्या आगमनापासून सुरू होतो आणि मागे येत येत गोठ्यापाशी पोहोचतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी योहान, चौथ्या रविवारी मरिया आणि योसेफ. हा क्रम एकदा ध्यानात आला की प्रत्येक रविवार आधीच्या रविवाराला जोडलेला दिसू लागतो.

सुरुवात कुठून करू? रोज किती वेळ द्यावा?

दहा मिनिटं. ऐकायला कमी वाटतं, पण चार आठवडे रोज दहा मिनिटं गप्प बसून पाहा, मग कळेल. जागा एकच ठेवा, वेळही शक्यतो एकच. फोन दुसऱ्या खोलीत. पहिली दोन-तीन मिनिटं डोक्यात राहिलेली कामं, कुणाचं तरी टोचलेलं बोलणं, उद्याची चिंता यांचा गलका चालतो. तो हाकलायच्या मागे लागू नका, त्यातच शक्ती जाते. "ये, प्रभू येशू" एवढी प्रकटीकरण या बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातली प्रार्थना श्वासाबरोबर म्हणत राहा. पहिल्या मंडळीतही हीच हाक होती, 'मारानाथा', अरामी भाषेतली. पौलाने ती करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तशीच ठेवली आहे.

एक कळकळीची विनंती: नियमांची यादी करू नका. रोज अमुक अध्याय, तमुक प्रार्थना, उपवास, डायरी, सेवा असं सगळं पहिल्या रविवारी ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यांतलीच होते. दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट सुटते, मग अपराधी वाटतं, मग सगळंच सुटतं. एकच गोष्ट धरा आणि ती शेवटपर्यंत न्या.

या दिवसांत पवित्र शास्त्रातलं काय वाचावं?

सगळ्यात सोपी वाट म्हणजे लूककृत शुभवर्तमान. त्याचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं. नाताळच्या पहाटे तुम्ही गोठ्यातल्या बाळाकडे पाहाल तेव्हा ते पुढे काय करणार, काय सोसणार आणि कबरेतून कसं उठणार हे सगळं ताजं असेल. पाळण्याकडे पाहण्याची नजरच त्याने बदलते.

ज्यांना सावकाश वाचायचं आहे त्यांनी यशया घ्यावा. अध्याय ७, ९, ११, ३५ आणि ४०, एवढे पुरेत. अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, इशायाच्या बुंध्याला फुटलेला कोंब, सपाट होणारे डोंगर हे सगळं तिथलं आहे. एका बैठकीत अध्याय संपवायचा आग्रह धरू नका. एखादं वचन अडकलं तर तिथेच थांबा. अडकलेलं वचनच बहुधा तुमच्यासाठी असतं.

आणि लूकचा पहिला अध्याय वाचताना योहानाच्या वडिलांकडे, जखऱ्याकडे लक्ष द्या. त्याच्याकडे आपण फारसे वळत नाही. मुलगा होणार या देवदूताच्या शब्दावर विश्वास बसला नाही म्हणून त्याची वाचा गेली आणि योहान जन्मून त्याचं नाव ठेवेपर्यंत तो मुका राहिला. मला ती नुसती शिक्षा वाटत नाही. इतके महिने सक्तीने गप्प राहिलेल्या माणसाच्या तोंडून शेवटी जे बाहेर पडलं ते स्तुतिगीत होतं, आणि मंडळी ते आजही रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणते.

आगमनचक्र आणि मेणबत्त्यांचा अर्थ काय? ते असायलाच हवं का?

असायलाच हवं असं नाही, पण असलं तर फार मदत होते. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न हे पाळक निराधार मुलांसाठी घर चालवत होते. नाताळ केव्हा येणार, असं मुलं सारखी विचारायची. त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रोजच्या दिवसांसाठी लहान लाल, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या चार. रोज एक पेटायची आणि मुलांना दिवस मोजता यायचे. पुढे चार रविवारांच्या चार मेणबत्त्या तेवढ्या उरल्या आणि भोवती हिरवी पानं आली. पुष्कळ ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते, आणि त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावं देतात. नावांचा क्रम मंडळीनुसार बदलतो, त्यावरून वाद घालू नये.

एकदा असं करून पाहा. पहिल्या रविवारी संध्याकाळी खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि एकच मेणबत्ती लावा. काडी ओढल्यावर क्षणभर गंधकाचा वास येतो, वात आधी निळसर धरते, थरथरते, मग स्थिर होते. त्या उजेडात समोरच्याचा अर्धाच चेहरा दिसतो. खोलीचे कोपरे अंधारातच राहतात. पहिल्या आठवड्याचा प्रकाश एवढाच असतो, आणि त्याच उजेडात आठवडाभर प्रार्थना करायची. दुसऱ्या रविवारी दुसरी मेणबत्ती पेटते तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची दिसू लागते. चौथ्या रविवारी पहिली मेणबत्ती सगळ्यांत बुटकी झालेली असते. वाट पाहण्यात किती दिवस जळून गेले, ते तिच्याकडे पाहून कळतं.

पश्चात्ताप करायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

हा प्रश्न लोकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाच विचारला होता: "मग आम्ही काय करावं?" लूकच्या तिसऱ्या अध्यायात त्याची उत्तरं आहेत आणि ती थक्क करणारी साधी आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला लुबाडू नये, आपल्या पगारात समाधानी राहावं. योहानाने कुणालाही अरण्यात येऊन राहायला सांगितलं नाही. ज्याच्या त्याच्या धंद्यातली, रोजच्या व्यवहारातली वाकडी जागा दाखवली आणि ती सरळ करायला सांगितली.

म्हणून आत्मपरीक्षण करताना ढोबळ पापं शोधत बसू नका. कुठे वाट अडली आहे ते पाहा. माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण सांगण्यासारखंही नाही. आगमनाच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये यशयाचं वाचन झालं, प्रत्येक दरी भरली जाईल, प्रत्येक डोंगर सखल होईल, आणि मी बाकावर बसल्या बसल्या मनात म्हटलं, हा डोंगर मीच उभा केला आहे. फोन करायला तरी बुधवार उजाडला. तीन-चार वेळा वाजल्यावर त्याने उचलला. दोघंही गप्प. मी माफी मागणार होते, चार वाक्यं तयार ठेवली होती, एकही आठवेना. मग तोच म्हणाला, "जेवलीस का?" पुढचा अर्धा तास आम्ही कशाकशाबद्दल बोललो ते आता सांगता येणार नाही. माफी मी नंतर मागितली, पण डोंगर तिथेच खचला होता.

कॅथलिकांसाठी या दिवसांत पापनिवेदन करणं ही जुनी आणि हिताची रीत आहे. शेवटच्या आठवड्यातल्या गर्दीची वाट न पाहता लवकर जा, म्हणजे धर्मगुरूंशी शांतपणे बोलता येईल. इतर मंडळ्यांत पाळकांशी किंवा विश्वासू मित्राशी बोलून हे करता येतं. मनातल्या मनात कबूल करणं आणि दुसऱ्या माणसासमोर तोंडाने बोलणं यांत खूप अंतर आहे.

उपवास करावा का?

कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत आगमनकाळाचा उपवास आज बंधनकारक नाही. केलात तर त्यातून वाचलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. प्रकृती साथ देत नसेल तर जेवणाऐवजी बोलण्याचा उपवास करा. चार आठवडे कुणाच्या पाठीमागे वाईट बोलायचं नाही, एवढंच ठरवून पाहा. मला हा जास्त अवघड गेला.

माझं मन कोरडं पडलं आहे. घरात दुःख झालं आहे. सगळे आनंदाची तयारी करत असताना मी काय करू?

आनंदाचं सोंग आणू नका. हा काळ मुळात अंधारात बसलेल्यांचाच आहे. यशयाचे शब्द ज्यांना सांगितले गेले ती उद्ध्वस्त झालेली माणसं होती.

आणि योहानाकडे पाहा. दरतिसऱ्या वर्षी, मत्तयाची वाचनं चालू असतात तेव्हा, आगमनाच्या तिसऱ्या रविवारी, त्याच आनंदाच्या रविवारी, चर्चमध्ये वाचतात तो प्रसंग तुरुंगातल्या योहानाचा आहे. ज्याने येशूकडे बोट दाखवलं होतं तोच आता कोठडीतून निरोप पाठवून विचारतो आहे: जो येणार तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आयुष्यभर वाट तयार करणाऱ्या माणसाला शेवटी हा प्रश्न पडला. येशू त्याच्यावर रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे योहानाला जाऊन सांगा म्हणतो, आणि निरोप आणणाऱ्यांची पाठ फिरल्यावर लोकांसमोर त्याच योहानाला थोर म्हणतो. तुमचा प्रश्न त्याच्यापुढे तसाच ठेवा.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३० म्हणा. पहारेकरी पहाटेची जितकी आतुरतेने वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं ते आहे. तेही जमत नसेल तर चर्चमध्ये मागच्या बाकावर नुसते बसा. तुमच्या वतीने बाकीचे म्हणतील, मंडळी त्यासाठीच असते. आणि झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर घरच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाला कुठेही उणेपणा नाही.

घरात मीच एकटी पाळते, बाकीच्यांना रस नाही.

मग गाजावाजा न करता पाळा. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. तो झोपेतून उठला आणि देवदूताने सांगितलं तसं केलं, एवढंच मत्तय लिहितो. तुमच्या वागण्यातला गोडवा घरच्यांना आधी कळू द्या, त्याचं कारण ते नंतर विचारतील.

मुलांना यात कसं घ्यावं?

मेणबत्ती त्यांच्याकडून लावून घ्या, जवळ उभं राहून. गोठा मांडत असाल तर बाळ येशूची जागा २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. मुलं रोज जाऊन पाहतात. त्या रिकाम्या जागेइतकं आगमनकाळाबद्दल मोठ्यांचं बोलणं शिकवत नाही.

१७ डिसेंबरनंतर उपासनेत फरक का जाणवतो?

कारण तिथून मंडळीची नजर थेट ख्रिस्तजन्माकडे वळते. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मरियेच्या गीतासोबत रोज एका नावाने प्रभूला हाक मारतात: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ल्या, हे उषःकाला, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. प्रत्येक हाकेच्या शेवटी "ये" असतं. लॅटिनमधल्या या सात नावांची पहिली अक्षरं उलट्या क्रमाने वाचली तर 'एरो क्रास' असे शब्द तयार होतात, म्हणजे "उद्या मी असेन". सात दिवस आपण हाका मारतो आणि त्या हाकांच्या पोटातच उत्तर असतं.

आधीचे आठवडे हातचे गेले असतील तर निदान हे सात दिवस पाळा. रोज एक नाव, दिवसभर तेच मनात घोळू द्या.

मधेच खंड पडला तर?

आज संध्याकाळी पुन्हा बसा. राहिलेले दिवस भरून काढायला जाऊ नका.

दरवर्षी हेच करतो. वाढ होते आहे हे ओळखायचं कसं?

प्रार्थनेत किती गोड वाटलं यावरून नक्कीच नाही. माझ्यापुरत्या मी दोन गोष्टी पाहते. पहिली, मला थांबवून ठेवणाऱ्या माणसाशी मी कशी वागते. रांगेत, फोनवर, उशीर करणाऱ्याशी. चार आठवडे प्रभूची वाट पाहणारी मी दहा मिनिटं माणसाची वाट पाहू शकत नसेन तर अजून शिकायचं आहे. दुसरी, मला दुसऱ्याला वाट करून देता येते का. योहान म्हणाला, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. घरात, मंडळीत, कामात कुणी माझ्यापुढे गेलं आणि मला आतून बरं वाटलं, तर काहीतरी हललं आहे असं समजते.

बाकी पेरलेलं रोज उकरून पाहू नये. तारणाऱ्याची आस धरलेले शिमोन आणि हन्ना मंदिरात किती वर्षं वाट पाहत होते! हन्नेच्या वयाबद्दल लूक ८४ वर्षांचा उल्लेख करतो. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन आले तो दिवसही इतर दिवसांसारखाच उजाडला असणार. पण त्या दिवशीही हन्ना तिथे होती.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी काय करावं?

त्या संध्याकाळी आगमनकाळ संपतो आणि नाताळचा काळ सुरू होतो. राहिलेली कामं राहू द्या. उपासनेला निघण्याआधी चारही मेणबत्त्या लावून घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा. एकाने लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं मोठ्याने वाचावीत, घाई न करता. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. मग घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या हाती बाळ येशू द्या आणि त्याला ती रिकामी जागा भरू द्या.